आवाज ओळखीचा, नाव अनोळखी

नभोनाट्यातील नटीचे नशीब मोठे चमत्कारिक असते. तिचा आवाज लाखो घरांत शिरतो, तो ऐकून माणसे हातातले काम थांबवितात, क्वचित डोळेही पुसतात. आणि तीच नटी दुसऱ्या दिवशी बाजारातून चालू लागली तर एकही मान तिच्याकडे वळत नाही. अमेरिकेतील चरित्र-अभिनेत्री मर्सिडीज मॅककेंब्रिज ह्यांच्या वाट्याला हे नशीब तारुण्यात आले, ते व्यवसायाची रीत म्हणून त्यांनी आनंदाने पत्करले. वयाच्या ५७ व्या वर्षी मात्र तेच पुन्हा वाट्यास आले, आणि त्या वेळी त्या मुकाट्याने बसल्या नाहीत.

बाईंचा जन्म १६ मार्च १९१६ रोजी इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे एका आयरिश वंशाच्या कॅथलिक कुटुंबात झाला. मर्सिडीज म्हटले की आज मोटारगाडी डोळ्यांपुढे येते. परंतु हे नाव मूळचे दयेच्या मातेचे, पवित्र मरीयेचे आहे. पणजीजवळच्या मेरशी गावाचे नावही त्याच मातेवरून पडलेले आहे. शिकागोतील मंडलाइन महाविद्यालय धर्मभगिनी चालवीत असत. तेथे शिकत असताना ही मुलगी समूहाने काव्यवाचन करणाऱ्या विद्यार्थिनींत होती. तेथूनच एनबीसी ह्या नभोवाणी कंपनीचे लक्ष तिच्याकडे गेले, आणि १९३७ साली पदवी हाती पडण्यापूर्वीच तिचा कंपनीशी करारही झाला.

त्या काळचे शिकागो हे नभोनाट्याचे माहेरघरच होते. दुपारच्या वेळी गृहिणींसाठी चालणाऱ्या कौटुंबिक मालिका, ज्यांना साबणाचे कारखानदार पैसा पुरवीत, बहुतांशी तेथेच जन्मल्या. रात्री उशिरा 'लाइट्स आउट' ही भयकथांची मालिका लागे. मर्सिडीजबाईंनी ह्या दोन्ही प्रकारांत काम केले. हे काम किती कठीण, ह्याची कल्पना ध्वनिफितीच्या काळात वाढलेल्यांना सहसा येत नाही. कार्यक्रम थेट प्रक्षेपित होई. चुकलेले वाक्य मागे घेता येत नसे. हातात संहितेचे कागद, ते उलटताना सळसळ होता कामा नये. समोर एकच ध्वनिक्षेपक. कुजबुजायचे तर त्याला ओठ भिडवायचे, किंकाळी फोडायची तर चार पावले मागे सरायचे. वेषभूषा नाही, रंगरंगोटी नाही, हावभाव दिसण्याचा प्रश्नच नाही. म्हातारी, चेटकीण, शहाणी सून, खुनी बाई, सगळ्याजणी एकाच घशातून निघावयाच्या. ऑर्सन वेल्ससारखा ह्या विद्येचा जाणकार त्यांना जगातील सर्वश्रेष्ठ हयात नभोनाट्य-अभिनेत्री म्हणत असे. वेल्सच्या बोलण्यात अतिशयोक्ती पुष्कळ असे हे मान्य. तरी ह्या मताला खोडून काढणारे फारसे कोणी पुढे आल्याचे दिसत नाही.

रुपेरी पडद्यावर त्या आल्या १९४९ साली, 'ऑल द किंग्ज मेन' ह्या रॉबर्ट रॉसेनच्या चित्रपटात. एका लोकाभिमुख पण भ्रष्ट होत जाणाऱ्या पुढाऱ्याची तिखट जिभेची साहाय्यिका, सेडी बर्क, ही त्यांची भूमिका. पहिल्याच चित्रपटाने त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर पारितोषिक मिळवून दिले. त्या सुंदर नायिका कधीच नव्हत्या, आणि हॉलिवूडला सुंदर नसलेल्या स्त्रीचे काय करावे हे सहसा सुचत नाही. म्हणून पुढे त्यांच्याकडे आल्या त्या करारी, कडवट, मत्सरी बायकांच्या भूमिका. १९५४ च्या 'जॉनी गिटार'मध्ये जोन क्रॉफर्डच्या जिवावर उठलेली एमा. १९५६ च्या 'जायंट'मध्ये भावाच्या घरावर हुकमत गाजविणारी लूझ. ह्या दुसऱ्या भूमिकेसाठी त्यांचे नाव पुन्हा ऑस्करसाठी सुचविले गेले. १९५८ साली वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल'मध्ये गुंडांच्या टोळीतील एका बाईचे लहानसे काम त्यांनी केले. श्रेयनामावलीत त्यांचे नाव नव्हते, आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. स्नेह्यासाठी केलेल्या कामात नावाचा हिशेब कोण मांडतो?

ह्या काळात मद्याने त्यांचे आयुष्य पोखरले होते. त्यातून त्या बाहेर आल्या. १९६९ साली अमेरिकन सेनेटच्या मद्यासक्तीविषयक उपसमितीपुढे उभे राहून, नामांकित स्त्रीने असे काही उघड बोलण्याची रीत नसताना, त्यांनी आपली कहाणी सांगितली. पुढचा प्रसंग समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

१९७३ साली विल्यम फ्रीडकिन हा दिग्दर्शक 'द एक्झॉर्सिस्ट' हा चित्रपट पुरा करीत होता. एका लहान मुलीला सैतानाने झपाटले आहे, आणि कॅथलिक धर्मगुरू प्रार्थनेने त्याला घालवू पाहत आहेत, असे कथानक. मुलीचे काम लिंडा ब्लेअर ह्या बालनटीने केले होते. पण सैतान बोलू लागला म्हणजे आवाज काही केल्या पोरीचाच वाटे. फ्रीडकिन शिकागोचा, बालपणी ऐकलेल्या नभोनाट्यांतील एक आवाज त्याच्या कानात राहून गेला होता. त्याने मर्सिडीजबाईंना बोलावून घेतले.

ते ध्वनिमुद्रण ही एक तपश्चर्याच होती. बाईंनी स्वतः सांगितले आहे त्याप्रमाणे त्या कच्ची अंडी गिळत, एकामागून एक सिगारेटी ओढीत, हातपाय खुर्चीला बांधून घेत. कारण बांधलेल्या देहाची धडपड आवाजात उतरल्यावाचून राहत नाही. जुनाट श्वासनलिकादाहाची घरघर, जी एरव्ही दुखणे म्हणून लपवावी, ती त्यांनी सैतानाच्या श्वासाला दिली. नभोवाणीवरील चेटकिणींचे कण्हणेही कामी आले. आणि घसा खरवडून निघावा म्हणून, इतक्या वर्षांनी, त्यांनी पुन्हा मद्य घेतले. स्वतःचा भरवसा नव्हता म्हणून धर्मगुरूंना जवळ बसवून घेतले होते. पडद्यावर धर्मगुरू सैतानाशी झुंजत होते, आणि इकडे ध्वनिमुद्रणाच्या खोलीत खरे धर्मगुरू एका श्रद्धाळू बाईला सावरीत होते. कलेसाठी इतकी किंमत द्यावी काय, ह्याबद्दल दुमत होऊ शकेल. ती दिली गेली, एवढे मात्र खरे.

२६ डिसेंबर १९७३ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला, आणि त्यात त्यांचे नाव नव्हते. आपल्याला श्रेय देण्याचे वचन होते, असे बाईंचे म्हणणे. सर्व काम मुलीचेच आहे असे प्रेक्षकांस वाटावे म्हणून प्रथम बाईंनीच नाव नको म्हटले होते, असे फ्रीडकिनचे म्हणणे. खरे कोणाचे ह्याचा निवाडा आता होणे नाही. परंतु बाईंनी प्रकरण नटांच्या संघटनेकडे नेले, वृत्तपत्रांत ते गाजले, आणि चित्रपटाच्या पुढील प्रतींत त्यांचे नाव झळकले. लिंडा ब्लेअरचे नाव ऑस्करसाठी सुचविले गेले होते. तिचा अर्धा अभिनय दुसरीच्या घशातला आहे असा बोभाटा झाला, आणि पारितोषिक टेटम ओनीलला गेले. त्यात त्या बालिकेचा दोष कोणता? चेहरा तिचा होता, कष्टही तिचे होते. लपवाछपवी वडीलधाऱ्यांनी केली आणि तिचा चटका एका मुलीलाही बसला, ही ह्या प्रकरणाची दुःखद बाजू होय.

आपल्याकडे असा प्रसंग घडलाच नाही असे कोणी समजू नये. मर्सिडीजबाईंचा पहिला चित्रपट ज्या १९४९ साली आला, त्याच साली 'महल' आला. त्यातील गाजलेल्या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून नाव छापले होते 'कामिनी', म्हणजे कथेतील पात्राचे. ही कामिनी कोण, अशी आकाशवाणीकडे विचारणा होऊ लागली तेव्हा लता मंगेशकर हे नाव उजेडात आले. इंदूरला जन्मलेल्या आणि मंगेशीशी नाते सांगणाऱ्या त्या कन्येनेही पुढे पार्श्वगायकांच्या हक्कासाठी आग्रह धरला. फिल्मफेअरने पार्श्वगायनाला पारितोषिक दिले ते १९५९ पासून. अभिनेत्याच्या केवळ आवाजासाठी ऑस्करमध्ये स्वतंत्र पारितोषिक मात्र नाहीच.

पुढील आयुष्याने बाईंना फार सुख दिले असे म्हणवत नाही. १९८१ साली 'द क्वालिटी ऑफ मर्सी' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. शीर्षक शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधील शब्दांचे, आणि त्यात स्वतःच्या नावावरचा श्लेषही साधलेला. १९८७ साली त्यांच्या एकुलत्या मुलाचा आणि त्याच्या कुटुंबाचा भीषण अंत झाला. त्याविषयी अधिक न बोलणेच बरे. त्यानंतरही त्या रंगभूमीवर आल्या आणि नील सायमनच्या 'लॉस्ट इन याँकर्स' ह्या नाटकातील कठोर आजी त्यांनी वठविली. २ मार्च २००४ रोजी कॅलिफोर्नियातील ला होया येथे त्यांचे निधन झाले.

हॉलिवूडच्या पदपथावर कलावंतांच्या नावाचे तारे बसविलेले आहेत. मर्सिडीजबाईंच्या नावे तेथे दोन तारे आहेत, एक चित्रपटासाठी आणि एक दूरचित्रवाणीसाठी. त्या पदपथावर नभोवाणीच्या कलावंतांसाठीही तारे असतात. त्यांत त्यांचे नाव नाही.