ओढण्याआधी तोल

पिकअप ट्रकला ट्रेलर जोडायला दहा मिनिटं पुरतात. ट्रकच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलरच्या दांडीचं तोंड बसवायचं, खटका लावायचा, दोन साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या अडकवायच्या, दिव्यांची वायर जोडायची. झालं. वेळ लागतो तो एक गोष्ट अंगवळणी पडायला: मागचं ओझं पुढच्या गाडीलाही वळवू शकतं.

मी सॉफ्टवेअरमधला. दोन सिस्टिम जोडताना आम्ही आधी विचारतो, एकीतला गोंधळ दुसरीत किती शिरेल? ट्रेलरचा इतिहास वाचताना मला हाच प्रश्न पुन्हा पुन्हा भेटला.

१९१४ साली डेट्रॉइटच्या फ्रेडरिक सिबली या लाकूड व्यापाऱ्याला आपली बोट फोर्डच्या मॉडेल टी मोटारीमागे जोडून न्यायची होती. तो ऑगस्ट फ्रुहॉफकडे गेला. फ्रुहॉफ लोहार, घोडागाड्या बनवणारा. त्याने केलेल्या गाड्याचं पुढचं टोक मोटारीवर टेकलेलं होतं, म्हणजे थोडा भार मोटारच उचलत होती. त्याला त्याने नाव दिलं सेमी-ट्रेलर. पुढे सिबलीने लाकूड वाहायलाही तसेच ट्रेलर करून घेतले. १९२५ मध्ये फोर्डने मागे हौदा बसवलेली मॉडेल टी थेट कारखान्यातून विकायला काढली. किंमत २८१ डॉलर.

खरा बदल १९४५ चा. नौदलातून नुकताच सुटलेला लिओनार्ड शोएन आणि त्याची बायको ॲना मेरी यांना लॉस एंजेलिसहून पोर्टलंडला बिऱ्हाड हलवायचं होतं. एका गावात भाड्याने घेऊन दुसऱ्या गावात सोडता येईल असा ट्रेलर काही मिळेना. मग पाच हजार डॉलरच्या भांडवलावर त्यांनीच यू-हॉल सुरू केली. आता कालपर्यंत कधी काही न ओढलेला माणूसही अख्खा संसार मागे बांधून महामार्गाला लागू शकत होता. लोहाराच्या हातातलं ज्ञान अशा माणसाला एका वाक्यात सांगणं भाग होतं: साठ टक्के वजन पुढच्या अर्ध्या भागात भरा.

आपल्या गाडीवानांकडे यासाठी एकच शब्द आहे, उलाळ. बैलगाडीत मागे भार जास्त झाला की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. तेव्हा गाडीवान स्वतः पुढे सरकतो, नाहीतर पोती सरकवतो. बैल चालीने चालतात, म्हणून सावरायला वेळ मिळतो. ताशी शंभर किलोमीटरवर तो मिळत नाही. मागे जड झालेला ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो, प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो आणि शेवटी ट्रकही आडवा होऊ शकतो. अशा वेळी घाबरून ट्रकचा ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग सरळ धरावं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा. ट्रेलरला हाताने लावायचा वेगळा ब्रेक असेल, तर तेवढाच लावावा.

म्हणून नवशिक्याचा पहिला धडा रस्त्यावर नाही, वजनकाट्यावर. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांडीवर यायला हवा. तेवढा येत नसेल, तर सामान उतरवून पुन्हा भरावं. ट्रकची ताकद कितीही असली, तरी हे काम ती करत नाही.