८ जुलै : टोबी कीथ यांचा जन्म
१९६१ : अमेरिकी कंट्री गायक टोबी कीथ यांचा ओक्लाहोमातील क्लिंटन येथे जन्म. तरुणपणी तेलविहिरींवर राबत त्यांनी गाणे जपले. लष्करी सेवेत एक डोळा गमावलेले त्यांचे वडील मार्च २००१ मध्ये रस्ते अपघातात गेले. सहा महिन्यांतच ११ सप्टेंबरचा हल्ला झाला. पितृशोक आणि संताप यांतून ‘कर्टसी ऑफ द रेड, व्हाइट अँड ब्लू’ हे गीत जन्मले. आधी ते सैनिकांपुढे गायले गेले. २००२ मध्ये कंट्री गीतांच्या यादीत अव्वल ठरले. त्यातील सूडाच्या भाषेवर टीका झाली. तरी अंगणात राष्ट्रध्वज फडकवणाऱ्या बापाविषयीची कृतज्ञता हाच या गीताचा प्राण आहे. कीथ यांचे ५ फेब्रुवारी २०२४ रोजी कर्करोगाने निधन झाले.