हादरे थांबल्यावर

कॉलेजात भूकंपाचं मॉक ड्रिल असतं तेव्हा आपण काय करतो? बाकाखाली शिरतो, मग मैदानात येऊन उभे राहतो. आता १ सप्टेंबर १९२३ ची टोकियोची दुपार बघू. बाराला दोन मिनिटं कमी होती. भूकंपानंतर तिथल्या विद्यापीठात प्रयोगशाळेतल्या रसायनांनी पेट घेतला आणि आग ग्रंथालयापर्यंत गेली. लाखो पुस्तकं जळाली. त्यांत ऋग्वेदाचे संपादक मॅक्स म्युलर यांचा ग्रंथसंग्रहही होता. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हे आजही सलतं. जपानात १९६० पासून हाच दिवस सरावाचा ठरला. आपल्या सरावात गॅसचा कॉक कोण बंद करणार, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. कोयना १९६७, किल्लारी १९९३: दोन्ही भूकंप पहाटेचे. प्रयोगशाळा तेव्हा बंद होत्या.