उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पानावरचा हॉबिट

आपल्याकडे मे महिन्यात बोर्डाच्या पेपरांचे गठ्ठे उपसणारे मास्तर आठवतात? ऑक्सफर्डचे प्रोफेसर टोल्किनही अगदी तेच करायचे. १९२५ पासून अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक, पण घरात चार मुलं आणि पगार पुरायचा नाही. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत शालेय परीक्षांचे पेपर तपासून वरकमाई. १९३० च्या सुमारास असाच एक गठ्ठा संपवताना त्यांना एका विद्यार्थ्याने कोरं सोडलेलं पान मिळालं. तपासायचं एक पान वाचलं, या आनंदात त्यांनी त्यावर एक वाक्य खरडलं. त्यात 'हॉबिट' हा शब्द होता. त्याचा अर्थ खुद्द त्यांनाही तेव्हा ठाऊक नव्हता!

त्या शब्दाचं पुढे 'द हॉबिट' झालं. बिल्बो नावाचा सुखवस्तू, घरकोंबडा हॉबिट तेरा बुटक्यांबरोबर ड्रॅगनने बळकावलेला खजिना आणायला निघतो, ती गोष्ट.

मी हे पुस्तक चाळिशीत, लेकाला झोपवताना वाचतोय. इथे इंग्लंडात आजी हाताशी नाही, त्यामुळे गोष्टीचं खातं माझ्याकडे. ऑफिस, लोकल, जेवण उरकून रोज आठ-दहा पानं जमतात. गंमत म्हणजे हे पुस्तक तेवढ्याच वेळात बसतं. लेखक मधूनच थांबून थेट ऐकणाऱ्याशी बोलतो. टोल्किनना नंतर हा लाडिक सूर आवडेनासा झाला म्हणे. मला विचाराल तर मोठ्याने वाचताना तोच सूर मदतीला येतो. दमलेल्या बापाचं अर्धं काम तोच करतो.

कारण ही गोष्ट मुळात तशीच सांगितली गेली. हिवाळ्याच्या संध्याकाळी टोल्किन ती मुलांना ऐकवायचे. धाकटा ख्रिस्तोफर जेमतेम चार-पाच वर्षांचा. त्याने एकदा मध्येच अडवलं: मागच्या वेळी बिल्बोचं दार निळं होतं, आज हिरवं कसं? थोरिनच्या टोपीचा गोंडा सोनेरी होता, तो चंदेरी कसा झाला? बाप चरफडत उठला आणि टेबलाकडे जाऊन ते टिपून आला. आमच्या भाषेत, घरचा फुकट टेस्टर. (आमच्याकडेही एक आहे. मी पान गाळलं की लगेच पकडतो.)

हस्तलिखित पुढे अॅलन अँड अन्विन या प्रकाशनाकडे गेलं. मालक स्टॅन्ली अन्विन यांचं म्हणणं, मुलांच्या पुस्तकाची पारख मुलंच करणार. त्यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या रेनरला दिलं. त्याने १९३६ मध्ये अभिप्राय लिहिला आणि मेहनताना म्हणून एक शिलिंग घेतला. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल, असं त्याचं मत. म्हणजे मी यादीत नाही! २१ सप्टेंबर १९३७ ला १,५०० प्रती निघाल्या आणि नाताळाच्या आत संपल्या.

रेनर मोठेपणी त्याच प्रकाशनात आला आणि १९५४-५५ मध्ये 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' निघालं ते त्याच्या आग्रहामुळे. आणि तो गोंड्याचा रंग विचारणारा ख्रिस्तोफर? १९७३ मध्ये वडील गेल्यावर त्याने ऑक्सफर्डमधली नोकरी सोडली आणि त्यांचे कागद लावायला घेतले. १९७७ मध्ये त्यातून 'द सिल्मरिलियन' निघालं, मग एकामागून एक खंड. २०१८ मध्ये 'द फॉल ऑफ गोंडोलिन' आलं तेव्हा तो ९३ वर्षांचा होता.