डोंगराला दोन मिनिटं

माझे बाबा तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं होते. त्यांच्या बोटांवर पिवळे डाग असायचे. ते नायट्रिक ॲसिडचे, हे मला मुंबईत चित्रकला शिकायला गेल्यावर कळलं. एचिंगच्या पहिल्याच आठवड्यात तसाच डाग माझ्या अंगठ्यावर पडला.

एचिंगमध्ये पत्रा आपण कोरत नाही, ॲसिड कोरतं. जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं त्यात रेघा ओढायच्या आणि पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. मेण निघालेल्या जागी ॲसिड धातू खातं. बुडबुडे येतात, ते पिसानं बाजूला सारायचे. मग खाचांत शाई भरायची, वरची पुसायची आणि ओला कागद ठेवून प्रेसमधून काढायचा. निसर्गचित्रात खरी गंमत वेळेची. लांबचा डोंगर दोन मिनिटांत वार्निशनं झाकायचा, जवळचं झाड मात्र ॲसिडमध्येच राहू द्यायचं.

माणसं नसलेली नुसती निसर्गदृश्यं अशी छापायला जर्मनीत आल्टडॉर्फरनं १५२० च्या सुमारास सुरुवात केली. पुढे रेम्ब्रांटनं ॲमस्टरडॅम पत्र्यावर काढलं, तर छापात शहर आरशातल्यासारखं उलटं आलं. त्यानं ते तसंच ठेवलं.

आपल्याकडे १७९१ मध्ये जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईत आला. त्यानं पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांना रंगवलं, वेरूळची लेणी रेखाटली आणि १७९५ मध्ये तो इकडेच वारला. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलनं १८०३ मध्ये लंडनला वेरूळची २४ दृश्यं ॲक्वाटिंटमध्ये छापली. ॲक्वाटिंट हे एचिंगचंच भावंड: राळेच्या कणांमधून ॲसिड झिरपतं आणि सावली उमटते. पुण्याच्या गंगाराम तांबटानंही रेसिडेंट मॅलेटसाठी वेरूळ काढलं होतं, पण त्या ग्रंथावर नावं वेल्स आणि डॅनियलचीच. मला हे खुपतं. डोंगर इथला, ॲसिड लंडनचं.

आता ॲसिड आमच्या दारात आहे. २०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिलं आलं. (आमच्या गावाचा पहिला नंबर, तोही असा!) पण पालघरचा काळदुर्ग, तो चौकोनी कातळमाथ्याचा, मी कुठल्याच छापात पाहिला नव्हता. म्हणून गच्चीवरून दिसतो तसा काढला. डोंगराला दोन मिनिटं, ताडांना दहा, चिमणीला पंचवीस.

छाप घरी नेला. बाबांनी चष्मा लावला.

"चिमणी या बाजूला कशी? आपल्याकडनं ती डावीकडे दिसते."

मी त्यांना रेम्ब्रांटचं ॲमस्टरडॅम सांगितलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "उरलेलं ॲसिड कुठं ओतता रे?"

"आधी सोडा घालतो, बाबा. फेस थांबेपर्यंत."

"आणि मग?"

ते उत्तराची वाट बघत होते आणि त्यांचं बोट काळदुर्गाच्या फिकट रेघेवर होतं.