स्टेशनच्या नावाची संख्या

मंडळी, आज एका मोठ्या संख्येची गोष्ट. ही पहा: १२३४५६७८९८७६५४३२१.

संख्या सतरा अंकी आहे. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (इ. स. ११५०) एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली. त्यातले सतरावे 'मध्य', म्हणजे परार्धाला एकच पायरी कमी. उलट वाचा, सुलट वाचा, संख्या तीच. अंकांची बेरीज ८१, म्हणजे नऊ नवे. आणि ही संख्या नऊ एकांचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग आहे.

का, ते कागदावर मांडले की दिसते. गुणाकाराच्या नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, असे मधल्या घरात नऊ होतात आणि मग उतरण लागते. हातचा कुठेच नाही! दहा एकांचा वर्ग केला की मात्र मधल्या घरात दहा होतात, हातचा येतो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीतला आठ गायब.

या संख्यांना नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी (१९०५-१९८६). जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवर डेम्लो स्टेशन होते, म्हणजे आजचे डोंबिवली. तिथे ही कल्पना सुचली म्हणून 'डेम्लो संख्या'. पुढे आणखी एका प्रकाराला त्यांनी देवळालीचे नाव दिले. आमच्या राहुरीजवळची देवळाली प्रवरा नव्हे हं, नाशिकची देवळाली. तिथे ते १९३० ते १९६२ शाळेत शिक्षक होते.

६१७४ हा 'कापरेकर स्थिरांक' त्यांनीच शोधला. पण हे गणित नव्हे, आकड्यांचा खेळ, असे म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ होते. नावापुढे मोठी पदवी नाही, हुद्दा शाळामास्तराचा! १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला नाव कळले. तोवर ते निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. पेन्शन पुरत नसे म्हणून या माणसाला उतारवयात शिकवण्या कराव्या लागल्या. मीही जन्मभर खडूच हातात धरला, म्हणून हे वाचताना मला त्यांच्या कीर्तीपेक्षा त्या शिकवण्याच जास्त आठवतात.

खेळ म्हणा हवे तर. पण पाचवीतला मुलगा स्वतः पडताळून पाहू शकेल असे गणित किती जण मागे ठेवून जातात?

नातवंडांना हा गुणाकार जरूर द्या, पण कागदावर. साध्या कॅल्क्युलेटरवर सतरा अंक मावत नाहीत, आणि संगणकावरचे एक्सेल पंधरा अंकांपुढे शून्ये टाकते. शेवटचे २१ तिथे दिसतच नाहीत. पेन्सिलीने मात्र ते बरोबर येतात.