वरळीचा बांध आणि आतले पाणी

मुंबई म्हणून आज जे एकसंध शहर दिसते, ते अठराव्या शतकाच्या मध्यास बेटांचा एक विस्कळीत पुंजका होता. महालक्ष्मी आणि वरळी यांमधील खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरे आणि भायखळ्याकडची सखल जमीन बुडून जाई. पायधुणी, उमरखाडी ही नावे त्या काळाची साक्ष देतात. चिखलपाणी तुडवून आलेला वाटसरू जेथे पाय धूत असे, ती पायधुणी. आज तेथे पाय ठेवायलाही जागा सापडत नाही, ही गोष्ट वेगळी!

हे खिंडार बुजविण्याचे काम गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकीर्दीत हाती घेतले गेले आणि १७८४ च्या सुमारास पुरे झाले. कुंपण या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून या बांधाला वेलार्ड म्हणत. टाकलेले दगड समुद्र पुन्हा पुन्हा गिळी. अखेर रामजी शिवजी या पाठारे प्रभू स्थापत्यकाराला देवीने दृष्टांत दिला, वरळीच्या समुद्रातून मूर्ती वर काढण्यात आल्या आणि मगच बांध टिकला, अशी आख्यायिका आहे. महालक्ष्मीच्या देवळाची स्थापना तिच्याशीच जोडली जाते. दृष्टांत बाजूस ठेवला, तरी समुद्राची जागा घेण्यापूर्वी त्याची अनुज्ञा हवी, ही लोकांची भावना त्या कथेतून दिसते.

बांधाने समुद्र अडविला. जमीन मात्र उंचावली नाही. पुढचे पुष्कळसे दुःख या एका गोष्टीत आहे. पूर्वी आत आलेले पाणी ओहोटीबरोबर परत जाई. आता भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला, की पाण्याला बाहेर पडण्यास वाट उरेना. एकोणिसाव्या शतकात हे खोलगट भाग भरण्यासाठी शहराचा केरकचरा आणून ओतला गेला आणि त्या भरावावर माणसे राहू लागली. धनिकांचे बंगले मलबार टेकडीच्या वाऱ्यावर उभे राहिले. सखल भाग मजुरांच्या वाट्यास आला. बांधकामासाठी तेलंगणातून आलेल्या कामाठ्यांचा कामाठीपुरा अशाच भूमीवर वसला. नव्या जमिनीचे मोल जमाखर्चात दिसले. तेथील दमट खोल्यांतील ज्वर कोणत्या रकान्यात मांडला गेला?

पाणी उपसण्याचे काम अखेर यंत्रांवर सोपवावे लागले. वरळीचे लव्हग्रोव्ह आणि हाजी अली येथील पंप पावसाळ्यात तेच करतात. परळ-दादरच्या बशीसारख्या खोलगटात असलेल्या हिंदमाता परिसरासाठी तर २०२१ नंतर पाणी साठविण्याच्या भूमिगत टाक्या बांधाव्या लागल्या. बांध घालून सव्वादोनशेहून अधिक वर्षे लोटली होती.

२०१८ मध्ये याच किनाऱ्यालगत भराव घालून सागरी मार्गाचे काम सुरू झाले. वरळीच्या कोळ्यांनी हरकत घेतली, ती मोजकी होती: पुलाच्या दोन खांबांमध्ये होड्या सुखरूप जाण्याइतके अंतर हवे. ठरलेले ६० मीटर भर समुद्रात, वाऱ्या-लाटांत अपुरे पडतात, हे त्यांचे म्हणणे. आराखडे करणाऱ्यांना ते पटण्यास वर्षे लागली. २०२२ च्या अखेरीस हे अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले.